काळी सायकल धुतली की पांढरी पडते: खारपाणपट्ट्यातलं जुनंच दुखणं

आठवड्याला एक तरी सायकल माझ्या दुकानात हीच तक्रार घेऊन येते. काळी, बहुतेक वेळा बिनचमकीची मॅट काळी, वर्ष-दीड वर्ष वापरलेली. मालक वैतागलेला. “धुतो तं रोज, भाऊ. वली हाय तवर मस्त कायी दिसते, वायली का राख फासल्यावानी.” मी विचारतो, पाणी कोणतं? “बोअरचं.” तिथेच अर्धा निकाल लागतो. उरलेला अर्धा लागायला सायकल उलटी करावी लागते, आणि तो निकाल मालकाला सहसा आवडत नाही.

दुकान म्हणजे पूर्णा नदीच्या काठाजवळ एक टिनाचं शेड. पाण्याचे पंप आणि सायकली, दोन्ही येतात. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. याला खारपाणपट्टा म्हणतात. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून मिळतं, पण नळाचं गोडं पाणी सायकलवर ओतायला घरातली बाई देईल का? मग सायकलच्या नशिबी बोअर.

काळा रंग या मिठाची चुगली करतो आणि गंजाला पाठीशी घालतो. सगळा घोळ एवढाच आहे. लोक चुगलीवर चिडतात आणि पाठीशी घातलेलं तसंच राहतं.

आधी पांढरं कोणतं ते ओळखा

काळ्यावर दिसणाऱ्या पांढऱ्याच्या चार जाती आहेत आणि चौघींचं औषध वेगळं. ओलं केलं की चारही जवळजवळ दिसेनाशा होतात, म्हणून परीक्षा कोरड्या सायकलवरच घ्यायची.

पहिली जात साध्या मिठाची. गोड्या पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवलं की जाते आणि सुकल्यावर परत येत नाही. मी बोटाला लावून जिभेवर ठेवतो, खारट लागलं की विषय संपला. पण हे तुम्ही करू नका. फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे वाहून नेणारी सायकल असेल तर अजिबातच नको.

दुसरी जात क्षाराच्या खपलीची. मीठ पाण्यात विरघळतं, ही विरघळत नाही. थेंब जिथे वाळला तिथे गोल कडा दिसते, नख लावलं तर खरखरीत. आपल्या घरच्या माठाच्या बुडाला जी पांढरी चढते तीच ही. किराण्यातलं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून फडक्यानं मिनिटभर लावून ठेवा आणि लगेच गोड्या पाण्यानं पुसा. खपली सुटते. लिंबूही चालतं. मात्र हे आंबट फक्त रंगाच्या नळीवर. काळ्या नटबोल्टांना आणि चेनला लागू देऊ नका, का ते खाली सांगतो.

तिसरी जात रंगाचीच. कोरडं पांढरं फडकं जोरात घासा. फडक्यावर करडी भुकटी आली तर ते मीठ नाही, उन्हानं रंगाचा वरचा थर पिठासारखा सुटतोय. स्वस्त रंगाला आपल्याकडचा एप्रिल-मे दोनदा लागला की असं होतं. चमकता काळा असेल तर रबिंग कंपाउंड हलक्या हातानं आणि वर मेण, बऱ्यापैकी सुधारतो. मॅटवर कंपाउंड मारलंत तर तिथे टक्कल पडल्यासारखा चकचकीत डाग पडेल आणि तो पुन्हा मॅट होणार नाही. मॅट रंगाला घासून चमकवता येत नाही आणि चमकलेला मॅट परत आणता येत नाही, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

चौथी जात फक्त अॅल्युमिनियमवर. रिम, ब्रेकचा हात, पायडलचा क्रँक अशा ठिकाणी. लोहचुंबक चिकटत नाही ना, मग ते अॅल्युमिनियम. तिथे काळ्याखालून पांढरे दाणे उचकून येतात, रव्यासारखे. तोही एक गंजच, फक्त लाल नाही. कडक ब्रशनं झाडा, गोड्या पाण्यानं धुवा, वाळवा, मेण लावा. थांबतो. गेलेला काळा परत येत नाही.

काळं कोणतं हेही बघावं लागतं

आमच्या आबाजींची दुदांडीची सायकल अजून कोठ्यात उभी आहे. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या सोनेरी रेघा पुसट झाल्यात, पण काळा रंग अंधारासारखा. आणि त्यांनी ती आयुष्यात दहा वेळासुद्धा धुतली नसेल. फडक्यानं पुसायचे, तेवढंच.

तो रंग टिकला त्याला कारण आहे. जुन्या सायकलींचा काळा म्हणजे भट्टीत भाजलेलं इनॅमल, आणि त्यातला काळा म्हणजे शेवटी काजळीच. डोळ्यात घालतो त्याची चुलत बहीण. काजळीला ऊन फारसं काही करत नाही, उलट उन्हातला जो भाग रंग खातो तो तीच गिळून टाकते. टायर काळे असतात तेही याच काजळीमुळे. त्यामुळे ‘काळा रंग उन्हात लवकर उडतो’ हे अर्धं खोटं आहे. काजळीचा काळा उडत नाही. उडतो तो रंगवलेला काळा.

रंगवलेला काळा कुठे असतो? अॅल्युमिनियमच्या रिमवर, हँडलच्या दांड्यावर, सीटच्या खांबावर. तिथे रंगाचा थर नसतोच. विजेच्या कुंडात धातूच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडची सूक्ष्म भोकांची साल चढवतात, भोकांत काळा रंग मुरवतात आणि तोंड बंद करतात. अॅनोडायझिंग ते हेच. साल कडक असते, सहज ओरखडत नाही, वजन वाढवत नाही. पण मुरवलेला रंग कच्चा निघाला तर दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळट, मग तपकिरी होतो. जांभळी झाक दिसली की समजा. आणि या सालीचा खरा वैरी म्हणजे क्षार, पाण्यातल्या खपलीचा नव्हे, सोड्याच्या जातीचा (अल्कली). चुलीची राख, धुण्याचा सोडा, कपड्याची पावडर, चुन्याचं पाणी. आमच्याकडे भांड्यासारखी सायकलही राखेनं घासणारे लोक आहेत. लोखंडी सायकलला राख एक वेळ चालते, ओरखडे पडतात तेवढंच. काळ्या अॅल्युमिनियमला मात्र राख म्हणजे सोलणं. गोठ्यात जनावरांजवळ सायकल उभी करता का? गोमूत्राच्या वाफेतही तेच आहे, हळूहळू.

नटबोल्ट, चेन, काही फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दात्यांची चकती) यांच्यावरचा काळा आणखी तिसरा. लोखंडालाच गरम कुंडात बुडवून काळं करतात, वर तेल. थर इतका पातळ की तेल आहे तोवर राखण, तेल धुतलं की नावालाच काळा. व्हिनेगर-लिंबू याला खातं, म्हणून वर सांगितलं. अशा अॅलन बोल्टांवर (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) दोन पावसात लाल फुटतं आणि लोक घाबरून हार्डवेअरमधून चकचकीत स्टेनलेसचे आणून घालतात. चेनगार्डाला, बाटलीच्या पिंजऱ्याला घाला, हरकत नाही. हँडलच्या स्टेमला (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याला) आणि ब्रेकला नको. तिथले काळे बोल्ट साध्या स्टेनलेसपेक्षा बरेच मजबूत असतात. गंजलेला बोल्ट ब्रशनं झाडून ग्रीस लावून परत घाला, तो दिसायला वाईट आहे, कामाला नाही.

नव्या लोखंडी फ्रेमवर बहुतेक पावडर कोटिंग असतं. कोरडी भुकटी विजेनं चिकटवून साधारण १८०-२०० अंशांवर भाजतात. जाड, चिवट थर. थिनरचं फडकं लावून बघा (कुठेतरी खाली, दिसणार नाही तिथे): साधा रंग लगेच फडक्यावर उतरतो, पावडर कोटिंग जवळजवळ हलत नाही. इथपर्यंत सगळं गुण. दोष पुढे.

सायकल उलटी केल्यावर काय दिसतं

गेल्या भादव्यात भाशाची, म्हणजे बहिणीच्या मुलाची, सायकल दुकानात आली. एका मोठ्या गावच्या दुकानातून घेतलेली, पूर्ण मॅट काळी, तारासुद्धा काळ्या. तक्रार तीच, पांढरी पडते. पुसून दिली असती तर दहा मिनिटांचं काम. पण उलटी केली तर खालच्या बीबीजवळ (पायडलचा आस फिरतो तो डबा), चेनच्या बाजूच्या नळीवर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा फुगवटा. बाजूला गांडुळाच्या वाटेसारख्या दोन-तीन बारीक रेषा. नख रोवलं तर रंगाची कातडी अख्खी निघाली, खाली तांबडं पीठ. रंग वरून शाबूत आणि आत नळी खाल्लेली.

पावडरचा चिवटपणा इथे उलटतो. एका खड्याच्या टोल्यानं बारीक छिद्र पडतं, त्यातून खारं पाणी आत जातं आणि थर चिवट असल्यामुळे तिथेच दबून राहतं. गंज रंगाखालून सरकतो. क्रोमवर गंजाचा ठिपका दुसऱ्या दिवशी दिसतो, निळ्या-पांढऱ्या रंगावर लाल ओघळ लांबून दिसतो. काळ्यावर तपकिरी डाग म्हणजे कोणालाही मातीच वाटते. तारांचंही तेच. काळ्या तारेचा रंग निप्पलजवळ, म्हणजे तार रिमेत धरणाऱ्या बारीक नटाजवळ, आधी टवका जातो, तिथेच पाणी थांबतं, आणि एक दिवस तार तुटल्यावर कळतं.

आपली काळी माती यात भर घालते. पावसात ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये लाडूसारखी बसते, चाक फिरेनासं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती ओलावा आठ-आठ दिवस धरून ठेवते, हे लक्षात येत नाही. त्यातच कॅरिअरवरून खताची पोती. युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि पोटॅश म्हणजे शेवटी क्लोराइडच, मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या पोत्यातून ते कॅरिअरच्या जोडावर सांडतं. कॅरिअरच्या चार बोल्टांभोवतीचा काळा सगळ्यात आधी फुगतो, ते यामुळे.

म्हणून पुसण्याआधी हे एकदा करा. सीटचा खांब वर ओढून काढा आणि सायकल उलटी धरा. आतून पाणी आलं तर आश्चर्य मानू नका, लाल पाणी आलं तर मात्र माना. सीटच्या भोकातून शिरलेलं पाणी खाली बीबीच्या डब्यात साचतं. बीबीखाली बारीक भोक असेल तर मातीनं बुजलंय का बघा, तारेनं मोकळं करा. मग रुपयाच्या नाण्यानं नळ्या ठोकत जा. चांगली नळी टणटण वाजते, खाल्लेली बद्द वाजते. बद्द वाजणारी जागा जोडाजवळ किंवा चिमट्यावर असेल तर रंगाचं काम थांबवा, ती सायकल चालवायची नाही. चिमटा बदला. चिमट्यावर वेल्डिंग करून देणारे आहेत, मी करत नाही.

फुगवट्याचा इलाज

फुगलेला रंग सुटतो तितका सगळा सोलायचा, ‘एवढा राहू दे’ म्हणायचं नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासा, कडा ४०० नंबरच्या पेपरनं उतरत्या करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: गोड्या पाण्यानं दोनदा धुवा. खड्ड्यांत मीठ राहिलं आणि वरून रंग लावला तर सहा महिन्यांत तिथेच परत. मी स्वतः हे शिकायला तीन गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. उन्हात खणखणीत वाळवा, रेड ऑक्साइडचा (लोखंडावर रंगाआधी लावायचा तांबडा प्रायमर) पातळ हात द्या, दुसऱ्या दिवशी काळा ऑइलपेंट, दोन पातळ हात, मध्ये रात्र जाऊ द्या. जाड एक हात दिला की वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.

काळ्याचा मोठा फायदा इथे समजतो. काळा ऑइलपेंट कोणत्याही खेड्यातल्या हार्डवेअरमध्ये छोट्या डबीत मिळतो आणि चमकत्या काळ्याला बेमालूम लागतो. लाल-निळी सायकल असली तर छटा जुळवता जुळवता अकोला गाठाल. मॅट काळ्याला ऑइलपेंट लावला की बेगडासारखा चमकतो. त्याला माझा उपाय शाळेच्या फळ्याचा काळा रंग. तो मुळातच बिनचमकीचा असतो, जवळून बघितल्याशिवाय ठिगळ कळत नाही. भाशाच्या सायकलला तोच लावलाय.

हे काम पावसाळ्यात काढू नका, हवेतला ओलावा रंगाखाली अडकतो. मे महिन्यातल्या दुपारीही नको, तापलेल्या नळीवर रंग सुरकुततो. दिवाळीनंतर सकाळचं दव उडालं की उत्तम. अॅल्युमिनियमवर रेड ऑक्साइड लावू नका, धरत नाही.

धुवायचं कसं

पहिला सल्ला, कमी धुवा. चिखल पूर्ण वाळू द्या, मग लाकडी काडीनं आणि ब्रशनं झाडा. ओला चिखल फडक्यानं पुसणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं. बोअरच्याच पाण्यानं धुवायची वेळ आली तर शेवटची अर्धी बादली गोड्या पाण्याची, आणि लगेच सुक्या फडक्यानं पुसायचं, उन्हात वाळत ठेवायचं नाही. डाग पडतो तो पाण्यानं नव्हे, पाणी जागेवर वाळू दिल्यानं. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवला तर हा प्रश्न चार महिने फुकटात सुटतो.

मग तेल. आपल्या विदर्भात जवस पिकतं आणि जवसाचं तेल हे वाळणारं तेल आहे, हवेत त्याचा पातळ पापुद्रा बनतो. काळ्या तारा, निप्पल, कॅरिअरचे जोड यांच्यावर फडक्यानं इतकं पुसट लावा की लावलंय असं वाटू नये. जाड लावलं तर महिनाभर चिकटेल आणि धूळ खाईल. खोबरेल वाळत नाही, सरकीचं धड वाळतही नाही आणि धड ओलंही राहत नाही. मॅट फ्रेमवर कोणतंच तेल नको, डाग पडतो. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीला आणि डिस्क ब्रेकच्या चकतीला चुकूनही नको. आणि ते जवसाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, सुकताना ते आतून तापतं आणि पेटू शकतं. काडीवर पसरून बाहेर वाळवा. दुकानात कपाशीच्या सरक्यांची पोती असतात, त्यामुळे मला याची धास्ती जास्त.

ऊन, आणि काळ्या रिमा

४५ अंशांच्या दुपारी काळी दांडी हाताला चटका देते हे खरं. पुढे दांडीवर पोरगं बसवत असाल तर दुपट्टा गुंडाळा. पण ‘काळी आहे म्हणून ट्यूब फुटली’ हे मला पटत नाही. ट्यूबमधली हवा ३० अंशांवरून ६५ वर गेली तरी ४५ पौंडांचा दाब ५२ च्या आसपास जातो, धड टायर ते सहज झेलतो. फुटते ती कडेला आधीच चिरलेल्या टायरमध्ये, किंवा जुन्या पंक्चरचं सोल्यूशन उन्हानं ढिलं पडलं म्हणून. आणि टायर तर सगळ्यांचेच काळे. सावलीत लावा, फक्त बाभळीखाली नको.

काळ्या रिमेबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. ब्रेकचा रबर रिमेवर घासणारा असेल तर काळी रिम घेऊ नका. पहिले काही महिने पट्टीवरचा काळा ठिगळा-ठिगळानं जातो, तोवर ब्रेक एका ठिकाणी धरतो, एका ठिकाणी सुटतो आणि वर किंचाळतो. रंग मारलेली लोखंडी रिम असेल तर सुटलेला रंग रबरात भरतो. घेऊन बसला असाल तर पट्टीवरचा उरलेला रंग पॉलिश पेपरनं पूर्ण काढा, थिनरनं पुसा, रबराचा वरचा काळा थर घासून टाका. रूप जाईल, ब्रेक येईल. डिस्क ब्रेक असेल तर रिम खुशाल काळी असू दे.

एक राहिलं. कपाशी वेचून, तूर राखून माणसं दिवेलागणीला परततात. काळी सायकल, काळ्या तारा, काळा मडगार्ड, आणि मागून बिनलाइटचा ट्रॅक्टर. आबाजींच्या काळ्या सायकलला मागच्या मडगार्डाच्या टोकाला पांढरा पट्टा आणि लाल काच होती. फ्रेम दिली तेव्हा मी भाशाच्या मडगार्डालाही पांढऱ्या ऑइलपेंटचा तसाच पट्टा मारला. “मामा, पुरा लुक घालवला,” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खरवडून आला. शेवटी तडजोड झाली: पायडलच्या दोन्ही बाजूंना चमकती पट्टी. ती खालीवर हलत असल्यानं मागच्याला लांबूनच कळते, आणि सायकल उभी असताना त्याच्या मित्रांना दिसत नाही.